काजरा, गवत आणि कुत्र्याची ओकारी

वसई तालुक्याच्या पूर्व अंगाला, तुंगारेश्वराच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, चिंचोटीहून अंजूरफाट्यावरून भिवंडीला जाणाऱ्या रस्त्यावर कामण आहे. वर कामणदुर्ग, खाली भातखाचरे आणि खाडी, आणि आता वसई रोड–दिवा मार्गावरचे कामण रोड स्थानक. या उत्तर कोकणाने मुंबईला जे पुरवले त्यातले लाकूड आणि भात लोकांच्या लक्षात राहिले. गवत फारसे राहिले नाही. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते. त्यांच्याखेरीज व्हिक्टोरियांचे घोडे, लष्कराचे घोडे, खटाऱ्यांचे बैल आणि तबेल्यांतल्या म्हशी. एवढ्या जनावरांचा चारा शहरात उगवणे शक्य नव्हते. तो ठाणे जिल्ह्यातल्या वरकस जमिनींवरून, माळांवरून, डोंगरउतारांवरून कापून शहरात जाई. हा व्यापार किती मोठा होता ते पुढे १९४५ साली दिसले. डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांच्या लढ्यात ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मिळावी ही मागणी अग्रभागी होती आणि तिच्यापायी माणसांनी गोळ्या झेलल्या. जनावराची भूक ही त्या काळी बाजारात वजन करून मोजली जाणारी गोष्ट होती.

ही भूक घोड्याची, बैलाची आणि म्हशीची होती. याच गावांत, याच ओसऱ्यांवर कुत्री होती, चुलीशेजारी मांजरे होती. त्यांनी दोन दिवस तोंड फिरवले, पिवळे पाणी ओकले, तर त्याची नोंद कोणी ठेवत नव्हते. गुरांच्या आजारांना शेतकऱ्याने नावे दिली: बुळकांडी, फऱ्या, घटसर्प, लाळ-खुरकूत. कुत्र्याच्या बाबतीत लोकांनी ठळकपणे पाहिल्या त्या दोन गोष्टी, पिसाळणे आणि लूत. आणि या दोन्हींची चिंता मुख्यतः माणसाला लागण होईल ही होती. कुत्र्या-मांजरांच्या मळमळीवर आणि मंदावलेल्या भुकेवर त्यांच्यासाठी म्हणून बनवलेली औषधे एकविसाव्या शतकात आली. या उशिराचे कारण केवळ निष्काळजीपणा आहे असे मला वाटत नाही. पशुवैद्यक ज्या जनावरांच्या आधारावर उभे राहिले त्यांना ओकताच येत नाही. पोटाच्या या एका दुखण्याकडे पाहण्याची सवय त्या विद्येला लागलीच नाही, आणि ज्यांना ती हवी होती त्यांची किंमत कोणी धरली नाही. ही दोन कारणे एकमेकांत इतकी गुंतली आहेत की ती वेगळी काढून दाखवावी लागतात.

माणसाच्या वैद्यकात ही दुखणी केव्हाच ओळखली गेली होती. आयुर्वेदाने ओकारीला छर्दी म्हणून तिचे पाच प्रकार केले आणि अन्नावरची वासना जाणे हा अरोचक नावाचा स्वतंत्र रोग मानला. लाह्या, वेलदोडा, सुंठ, मोरपिसाची राख असे उपाय त्यावर सांगितले. जनावरांसाठीही ग्रंथ झाले. घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा आहे, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. म्हणजे राजाची सेना ज्यांच्या पाठीवर उभी होती त्यांना वैद्य मिळाला. कुत्रा आपल्याकडच्या संस्कृत साहित्यात येतो तो शिकारीच्या ओघात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यात सारमेयविनोद नावाचे प्रकरण आहे आणि ते राजाच्या करमणुकीच्या भागात मोडते. मांजराला तेवढेही स्थान नाही. कोकणच्या रानातल्या औषधांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गेळफळ, पितमारी, खोकली या वनस्पती ओकारी आणण्यासाठी प्रसिद्ध होत्या. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज औषधतज्ज्ञांनी पितमारीला परदेशी इपिकॅकच्या जागी चालणारे औषध म्हणून उचलून धरले आणि खोकलीचाही वांतिकारक म्हणूनच विचार केला. (याच खोकलीच्या मुळावर मांजरे वेड्यासारखी लोळतात, पण तो मांजराचा नाद झाला, उपचार नव्हे.) पोट साफ झाले की रोग जातो या समजुतीत ओकारी ही वैद्याची सहकारी होती. ती थांबवावी लागणारे दुखणे असू शकते हा विचार माणसापुरता होता, आणि जनावराच्या बाबतीत तर त्याची गरजच कोणाला भासली नव्हती.

ज्या १८७४ साली मुंबईत ट्राम धावू लागली त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्थाही शहरात स्थापन झाली. हा योगायोग अर्थपूर्ण आहे, कारण चाबकाखालचे घोडे आणि बैल हीच त्या संस्थेसमोरची पहिली दृश्ये होती. पुढच्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली त्याला लागूनच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. ती पुढे मुक्तेश्वरला हलवली गेली. गुरांचे कळप उजाड करणाऱ्या साथी, त्यातही बुळकांडी, हे तिच्या कामाचे केंद्र होते. या सगळ्यात काही गैर नव्हते. बुळकांडीने बैल मेला की शेत पडीक राहत होते आणि घर उपाशी राहत होते. पण त्याचा परिणाम विद्येच्या घडणीवर झाला. युरोपातही असेच झाले होते. १७६१ साली लिऑनला परवानगी मिळालेली पहिली पशुवैद्यक शाळा घोड्याच्या आणि गुरांच्या रोगांसाठी होती. आता घोड्याच्या अन्ननलिकेचे जठराशी असलेले तोंड इतके घट्ट मिटते की घोडा जवळजवळ कधीच ओकत नाही. त्याच्या पोटात कळ उठली तर जठर फुटेल, पण अन्न वर येणार नाही. गाय-बैल रवंथ करतात. ती नैसर्गिक क्रिया आहे, ओकारी नव्हे. ज्या विद्यार्थ्याने घोडा आणि बैल यांच्यावर हात बसवला त्याच्या शिक्षणात ओकारी हा धडाच फारसा येत नाही. कुत्रा आणि मांजर मात्र अत्यंत सहज ओकतात. जी जनावरे या बाबतीत घोड्याच्या अगदी उलट आहेत, त्यांना घोड्यासाठी घडलेल्या शास्त्राच्या शेवटच्या रांगेत बसावे लागले.

यावर एक भक्कम आक्षेप घेता येईल. परळच्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांनी १८८८ साली कुत्र्यांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे मुंबईतच, अगदी आरंभी, कुत्र्याचा अभ्यास होत होता. हे खरे आहे आणि स्टील यांच्याबद्दल आदर वाटावा असेच आहे. पण त्यांच्या ग्रंथांचा क्रम पाहावा: १८८१ मध्ये बैलाचे रोग, १८८५ मध्ये हत्तीचे, मग कुत्र्याचे, आणि १८९० मध्ये मेंढीचे. कुत्रा तिथे आला तो साहेबाचा शिकारी कुत्रा म्हणून. इंग्लंडात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगावरची लस शोधण्यासाठी १९२३ साली निधी उभा राहिला तोही शिकारी लोकांच्या एका नियतकालिकाच्या पुढाकाराने, कोल्ह्यामागे धावणाऱ्या कुत्र्यांसाठी. शिवाय त्या पिढीच्या वैद्याकडे कुत्र्याच्या पोटासाठी होते काय? बिस्मथ, अफू, चुन्याची निवळी, बर्फ, कधी सौम्य केलेले हायड्रोसायनिक आम्ल. सगळी माणसाच्या कपाटातली औषधे, वजनाच्या हिशेबाने कमी केलेली. ग्रंथ कुत्र्याच्या नावाचा झाला तरी कपाट त्याचे झाले नाही.

भुकेच्या औषधाची कथा याहून दाहक आहे आणि ती थेट कोकणच्या झाडापाशी येते. काजरा हे आपल्या रानातले झाड. त्याच्या चपट्या, रेशमी लव असलेल्या बिया म्हणजे कुचला. मुंबईत औषधसाठ्यांचे प्रमुख असलेल्या विल्यम डायमॉक यांनी नोंदवून ठेवले आहे की कोकणात पोटशुळावर या बियांची अगदी लहान मात्रा मसाल्याच्या पदार्थांबरोबर देत आणि ओल्या लाकडाला आच देऊन काढलेला रस पटकीत थेंबांच्या हिशेबाने वापरत. इंग्रजी पशुवैद्यकाने हाच कुचला भूक वाढवणारे कडू औषध म्हणून मान्य केला. चिरायता, सुंठ यांच्याबरोबर कुचल्याची पूड घोड्याला आणि बैलाला देणे ही अनेक दशके नित्याची गोष्ट होती. मुंबई, मद्रास, कोचीन या बंदरांतून या बिया युरोपला जात. १८१८ साली पेल्तिए आणि काव्हेंतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कुचल्याच्या कुळातून स्ट्रिक्नीन वेगळे काढले आणि त्याच्या पांढऱ्या भुकटीने मोकाट कुत्री मारण्याची पद्धत जगभर पसरली. आपल्याकडच्या नगरपालिकांनीही ती दीर्घकाळ वापरली. स्ट्रिक्नीनने कुत्रा शुद्धीवर असताना आचके देत मरतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्या अकराव्या कलमात मोकाट कुत्र्यांचा आणि हृदयात स्ट्रिक्नीनची सुई टोचण्याचा नावानिशी उल्लेख करून ती बंद करावी लागली. कायद्याने एका विषाचे नाव घ्यावे इतकी ती रीत रुळलेली होती. एकाच झाडाची बी गाडी ओढणाऱ्या जनावराला भूक लागावी म्हणून दिली गेली आणि गल्लीतल्या जनावराला मरण यावे म्हणून. एखाद्या जनावराच्या पोटाची किंमत समाज कशी ठरवतो याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला दुसरा सापडत नाही.

इथे कोणी म्हणेल की हा सरकारी कारभार झाला. आपल्या लोकांनी कुत्र्याला असे वागवले नाही. त्यातही तथ्य आहे. ६ जून १८३२ रोजी मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला तो मोकाट कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध. प्रत्येक मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस लावल्याने माणसे घराच्या दारातूनही कुत्री ओढून नेऊ लागली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ सुरू झाला. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, जेवणाआधी काढून ठेवलेला घास आहे. ही करुणा खरी होती आणि तिने असंख्य जीव जगवले. पण तिने जे दिले ते आसरा आणि अन्न. खाणाऱ्याला घास घालणे आणि न खाणाऱ्याला खाते करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्याला निदान लागते, मात्रा लागते, रात्रीतून दोनदा पाहणारा माणूस लागतो. घास ठेवला आणि कुत्र्याने हुंगून सोडला, तर त्याची वेळ भरली असे मानले जाई. करुणेच्या परंपरेने चिकित्सेची परंपरा आपोआप निर्माण होत नाही, हे पांजरापोळांच्या इतिहासाकडे बघताना मान्य करावे लागते.

आणि दुसरीकडे, ओकारी म्हणजे काय आणि भूक म्हणजे काय हे माणसाला कळले ते मुख्यतः कुत्रा आणि मांजर यांच्याच शरीरातून. फ्रान्समध्ये फ्रांस्वा माजांदी यांनी १८१३ साली कुत्र्याचे जठर काढून त्या जागी डुकराचे मूत्राशय बसवले आणि शिरेत औषध दिल्यावर तरीही ओकारी होते हे दाखवले. अन्न वर फेकणारा जोर पोटाच्या स्नायूंचा आणि श्वासपटलाचा असतो हे त्यातून सिद्ध झाले. १८९० च्या दशकात सेंट पीटर्सबर्गला इव्हान पावलोव यांनी कुत्र्यांवर दाखवले की अन्न नुसते दिसले, चाखले तरी जठररस पाझरतो, आणि खाण्याची इच्छा हाच त्याचा सर्वांत मोठा चेतक आहे. कडू औषधांनी भूक का लागते याचा उलगडाही त्यांनी जिभेच्या चवीतून केला. म्हणजे काजरा आणि चिरायता देणाऱ्यांच्या अनुभवाला शास्त्राचा आधार मिळाला. पावलोव यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांचा जठररस गोळा करून बाटल्यांतून अपचनाच्या रोग्यांना विकला जाई. कुत्र्याची भूक अक्षरशः बाटलीत भरून माणसाला दिली गेली. १९५० च्या सुमारास अमेरिकेत बोरिसन आणि वांग यांनी मांजरांवर आणि कुत्र्यांवर काम करून मेंदूच्या तळाशी असलेली ती जागा निश्चित केली जिथे रक्तातल्या विषाची वर्दी लागते आणि ओकारीची आज्ञा सुटते. माणसाच्या मळमळीवरची आजची औषधे या पायावर उभी आहेत. पुढे कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या ओकारीच्या संशोधनात फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी आला, आणि १९९१ मध्ये ऑन्डॅनसेट्रॉनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती माणसासाठी.

कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला मग माणसांची उरलेली औषधे आली. मेटोक्लोप्रमाइड १९६० च्या दशकातले, माणसाचे, सायप्रोहेप्टाडीन हे ॲलर्जीचे औषध, भारतात भुकेचे सिरप म्हणून खपलेले, मांजरांना वापरले गेले, ऑन्डॅनसेट्रॉनही तसेच. त्याने काय बिघडले, असा प्रश्न रास्त आहे, कारण या औषधांनी असंख्य जनावरे वाचवली आणि १९७८ साली जगासमोर आलेल्या कुत्र्यांच्या पार्व्होच्या साथीत पशुवैद्यांच्या हाती आधाराला अशी उसनी औषधेच होती. पण कुत्रा म्हणजे लहान माणूस नव्हे आणि मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. ॲपोमॉर्फीनने कुत्रा लगेच ओकतो, मांजरावर त्याचा परिणाम क्षीण असतो. उलट झायलाझीनने मांजर हमखास ओकते. ज्या रासायनिक दारातून मेंदूला वर्दी जाते ते दार दोघांचे वेगळे आहे, म्हणून कुत्र्याला लागू पडणारे मेटोक्लोप्रमाइड मांजरात कमी पडते. मांजराच्या यकृतात तर काही औषधे निकामी करण्याची सोयच अपुरी असते. माणसाला निरुपद्रवी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळी तिला मारू शकते. उसन्या औषधांचे हे धोके माहीत असूनही त्यांच्यासाठी स्वतंत्र संशोधन झाले नाही, कारण त्याचे पैसे देणारे कोणी नव्हते. घरात राहणाऱ्या कुत्र्यासाठी खर्च करणारा वर्ग पाश्चात्त्य देशांत वाढला तेव्हा चित्र पालटले. मॅरोपिटंट या खास कुत्र्यासाठी घडवलेल्या ओकारीच्या औषधाला अमेरिकेत २००७ साली मान्यता मिळाली, मांजरासाठी २०१२ साली. भूक जागवणारा घ्रेलिन हा संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधला होता. त्याची नक्कल करणारे कॅप्रोमोरेलिन कुत्र्यांसाठी २०१६ मध्ये आणि मूत्रपिंडाच्या विकाराने खंगलेल्या मांजरांसाठी २०२० मध्ये आले. २०१८ मध्ये मिर्टाझापीन या मानसिक आजारावरच्या औषधाचे मलम आले. ते मांजराच्या कानाच्या आतल्या त्वचेवर चोळायचे असते, कारण ओकणाऱ्या मांजराच्या तोंडात गोळी घालणे किती अवघड ते या वेळी औषध करणाऱ्यांनी आधी विचारात घेतले होते.

तरी एक जुना आक्षेप उरतोच: कुत्री-मांजरे ओकणारच, तो त्यांचा स्वभाव आहे; ती गवत खातात, ओकतात आणि बरी होतात. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने या समजुतीची तपासणी केली. गवत खाण्यापूर्वी आजारी दिसणारी कुत्री दहातली एकही भरत नव्हती आणि खाल्ल्यावर नेहमी ओकणारी साधारण २२ टक्के होती. गवत हे औषध म्हणून खाल्ले जाते असे त्यावरून म्हणता येत नाही. ओकारी हे संरक्षण आहे हे मात्र निर्विवाद आहे. विषारी पदार्थ पोटात गेला तर तीच जीव वाचवते. आणि हाड किंवा दोरा आतड्यात अडकला असताना ओकारी दाबणारी सुई दिली तर खरे कारण झाकले जाऊन जनावर दगावू शकते. म्हणून औषधापूर्वी निदान हवे, हा त्या आक्षेपातला घेण्याजोगा भाग. पण दिवसभर चालणारी ओकारी शरीरातले पाणी आणि क्षार काढून टाकते. आणि भूक लागली की खाईल हे मांजराबाबत तर घातक आहे. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृतच निकामी होते. मग भूक लागण्याचा प्रश्न उरत नाही. पार्व्हो झालेल्या पिल्लांना ओकारी थांबेपर्यंत उपाशी ठेवावे हा नियमही २००३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासाने हलवला. नाकातून नळी घालून लवकर अन्न दिलेली पिल्ले लवकर सावरली.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो कामणसारख्या गावातून आला तर त्याला उत्तर देणे भाग आहे. ज्या पट्ट्यात गरीब माणसालाच दवाखान्याचा खर्च पेलत नाही तिथे कुत्र्याच्या मळमळीवरच्या औषधांचा इतिहास कोणी का वाचावा? मला वाटते, इथेच तो सर्वांत उपयोगाचा आहे. घोड्याची ट्राम १९०५ मध्ये थांबली, माळांवरच्या गवताला तो भाव राहिला नाही, भातखाचरांच्या जागी गोदामे आणि चाळी उभ्या राहिल्या. बैल कमी झाले. कुत्री आणि मांजरे कमी झाली नाहीत, उलट इमारतींबरोबर वाढली. २००१ च्या नियमांनी मोकाट कुत्र्यांना मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आणि २०२३ च्या नियमांनी ती अधिक बांधून दिली. म्हणजे रस्त्यावरचा कुत्रा आता कायद्याने पशुवैद्याच्या हातात येतो, शस्त्रक्रियेसाठी का होईना. भूल उतरताना त्याला मळमळते, पिंजऱ्यात तो खात नाही, आणि ते सहज पाहण्याजोगे असते. त्यासाठी महागडे परदेशी औषध लागत नाही. ऑन्डॅनसेट्रॉनची सुई, शिरेतून सलाइन, कोमट मऊ अन्न आणि किती खाल्ले याची नोंद पुरते. ही नोंद ठेवणारा रकाना नसबंदी केंद्राच्या प्रत्येक कागदावर असला पाहिजे. परळच्या रुग्णालयापासून तुंगारेश्वरच्या पायथ्यापर्यंतच्या या सगळ्या काळात आपण घोड्याने किती गवत खाल्ले ते पौंडांत मोजले होते. कुत्र्याने किती घास खाल्ले ते मोजायला एक पेन्सिल लागते आणि तो रकाना भरण्याची सक्ती करणारा एक आदेश.